पेटी रिकामी का होती?

रविवारी दुपारी माझ्या दवाखान्याचे दार वाजले की एखादे तापाने फणफणलेले बाळ आले असणार, हे मी गृहीत धरतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी मात्र दारात अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे चार विद्यार्थी उभे होते, दोन मुली आणि दोन मुलगे. त्यांच्या प्रकल्पाचा मी बाहेरचा मार्गदर्शक होतो आणि विषयही मीच सुचविला होता. खानापूरच्या जंगलपट्टीतील एखाद्या वाडीवर जन्मलेले कमी वजनाचे बाळ जीपमधून बेळगावला पोहोचेपर्यंत गार पडलेले असते. ते वाटेत उबदार राहावे असे साधन त्यांनी तयार करावे, अशी माझी अपेक्षा होती. पाच महिने खपून त्यांनी एक ऊबपिशवी तयार केली होती. तिच्यावर सुबक स्क्रीन होता, त्यावर बाळाचे तापमान दशांशासह दिसे आणि अर्ध्या तासाचा आलेखही उमटे. मला तो नमुना फार आवडला होता.

त्यातील एक मुलगी म्हणाली, "सर, सादरीकरणाला सहाच आठवडे उरलेत. पण आमची दिशाच चुकली असं वाटतंय."

हे ऐकून मला कौतुक वाटायला हवे होते. खरे सांगायचे तर राग आला. आजचा लेख त्या रागाविषयी, त्या रागातून मी जे शिकलो त्याविषयी, आणि त्यापूर्वी अनेक वर्षे दूरच्या एका विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पाची दिशा कशी तपासली व बदलली त्याविषयी आहे. विषय यंत्राचा दिसला तरी तो शेवटी आपल्याच व्यवसायाचा आहे, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

पस्तीस म्हणजे पास

आधी त्या मुलांचे काय झाले ते सांगतो. त्यांच्या प्रकल्पाचा प्रकार 'इंटरॅक्शन डिझाइन' या नावाने ओळखला जातो. माणूस आणि साधन यांच्यात जो संवाद घडतो त्याची विचारपूर्वक आखणी, असा त्याचा साधा अर्थ. साधनाने काय दाखवावे, माणसाने ते कसे वाचावे आणि वाचून काय करावे, हे सारे त्यात येते. नमुना एका वाडीवर नेऊन, बाळाऐवजी बाहुली ठेवून, घरच्या मंडळींना तो वापरायला द्यावा असे त्यांनी ठरविले होते. न तपासलेले साधन खऱ्या बाळावर वापरायचे नाही, ही अट मी पहिल्याच दिवशी घातली होती.

एका घरी त्यांनी स्क्रीनवर ३५.८ हा आकडा आणला आणि दहावीपर्यंत शिकलेल्या तरुण बापाला विचारले, "दादा, आता तुम्ही काय कराल?" तो म्हणाला, "काही नाही. पस्तीसच्या वर आहे म्हणजे पास की!"

मुले हसली नाहीत, याचे मला आजही समाधान वाटते. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ३६ ते ३६.४ ही सौम्य शीतावस्था आणि ३२ ते ३५.९ ही मध्यम शीतावस्था, असे जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण आहे. म्हणजे तो बाप ज्या आकड्याला पास म्हणत होता, त्या आकड्याला आपण धावपळ सुरू केली असती. त्याने स्क्रीन अचूक वाचला, त्याला ठाऊक असलेल्या एकमेव मापाशी ताडून पाहिला आणि त्या मापानुसार योग्य तोच निर्णय घेतला. चूक त्याची नव्हती.

मी मात्र मुलांना म्हणालो, "मग त्यांना शिकवा. पिशवीवर एक तक्ता चिकटवा. एवढ्यासाठी दिशा कशाला बदलता?" ते गप्प राहिले. संध्याकाळी मी जुने वाचन पुन्हा काढून बसलो. त्यात एम्ब्रेस या ऊबपिशवीची हकीकत होती.

स्टॅनफर्डचा वर्ग आणि काठमांडूचा वॉर्ड

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी परवडणाऱ्या वस्तूंची रचना शिकविणारा एक अभ्यासक्रम आहे. २००७ साली त्यातील एका गटापुढे प्रश्न ठेवण्यात आला : नेहमीच्या इन्क्युबेटरच्या एक टक्क्याहूनही कमी खर्चात इन्क्युबेटर बनविता येईल का? नेहमीच्या पेटीची किंमत त्यांनी २० हजार डॉलर्सच्या आसपास धरली होती. जेन चेन, लायनस लियांग, नागानंद मूर्ती आणि राहुल पणिक्कर हे त्या गटातील विद्यार्थी. त्यांच्यात कुणी व्यवस्थापन शिकणारे होते, कुणी संगणकशास्त्र, कुणी विद्युत अभियांत्रिकी. डॉक्टर कुणीही नव्हते.

प्रश्न जसा विचारला गेला तसाच सोडवायचा तर मार्ग सरळ होता. पेटी उघडायची, महागडे भाग काढायचे, स्वस्त भाग बसवायचे. परंतु लियांग नेपाळला गेला आणि काठमांडूच्या एका रुग्णालयात त्याने एक विचित्र दृश्य पाहिले. देणगीत मिळालेल्या काचेच्या पेट्या तिथे होत्या आणि त्यातील कित्येक रिकाम्या होत्या. ज्या देशात अपुऱ्या दिवसांची बाळे दगावतात, तेथे पेटी रिकामी का? डॉक्टरांचे उत्तर असे की, ज्या बाळांना तिची खरी गरज आहे ती दूरच्या खेड्यांत, घरी जन्मतात आणि रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचतच नाहीत.

या एका उत्तराने 'पेटी स्वस्त कशी करावी' हा प्रश्न निरर्थक ठरला. पेटी फुकट मिळाली तरी ती रिकामीच राहणार होती, कारण अडचण किमतीत नव्हती, अंतरात होती. गटात मतभेद झाले. रुग्णालयासाठी स्वस्त पेटी करणे आटोक्यातले होते. खेड्यातील आईच्या हाती देण्याजोगे, सतत विजेवर अवलंबून नसलेले साधन करणे फार कठीण होते. अखेर त्यांनी कठीण वाट धरली. आता प्रश्न असा झाला : दूरच्या खेड्यातील आईबापांना आपल्या बाळाची ऊब टिकविता यावी यासाठी त्यांच्या हाती काय द्यावे?

उत्तर पेटीसारखे दिसतच नव्हते. ती झोपण्याच्या पिशवीसारखी एक छोटी पिशवी होती आणि तिच्या पाठीमागे मेणासारख्या पदार्थाची थैली बसविलेली होती. हा पदार्थ शरीराच्या तापमानाजवळ, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, वितळतो व गोठतो. एकदा गरम करून वितळवला की तो हळूहळू गोठत जातो आणि गोठताना साठवलेली उष्णता बाहेर टाकतो. ही क्रिया पूर्ण होईपर्यंत त्याचे तापमान जवळपास स्थिर राहते. शाळेत आपण सुप्त उष्णता या नावाने जे शिकलो तेच हे तत्त्व. चार ते सहा तास ऊब टिकविण्याचे त्यांचे उद्दिष्ट होते.

नवजात बाळाला या चार तासांचे मोल किती, हे वाचकांतील बिगरवैद्यकीय मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. बाळाचे वजन कमी, पण त्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ पुष्कळ; त्यामुळे उष्णता झपाट्याने जाते. जन्मतः अंग ओले असते, ते सुकताना आणखी उष्णता नेते. मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि त्यातून ऊब निर्माण होते. नवजात बाळाला हे साधत नाही. ते तपकिरी मेद जाळून ऊब मिळविते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा मेद फारच थोडा असतो. गार पडलेल्या बाळाला प्राणवायू अधिक लागतो, रक्तातील साखर उतरते, ते दूध ओढेनासे होते आणि दूध नाही म्हणून आणखी गार पडते. ही साखळी पहिल्या काही तासांतच तोडावी लागते.

अर्धा चमचा

एम्ब्रेसच्या हकीकतीतील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आपल्या महाराष्ट्रात घडला. पणिक्कर एका लहानशा गावात मातांना पिशवीचा नमुना दाखवीत होता. थैली किती तापली हे कळावे म्हणून तिच्यावर अंशांचे आकडे दाखविणारी पट्टी होती. एका आईने जे सांगितले त्याचा आशय असा : डॉक्टरांची औषधे फार जोरकस असतात, म्हणून त्यांनी बाळाला एक चमचा औषध सांगितले की आपण अर्धाच चमचा देतो. तुम्ही ही थैली ३७ पर्यंत तापवा म्हणालात, तर आपण खबरदारी म्हणून ३० पर्यंतच तापवू.

वापरणाऱ्याची चूक म्हणून हे सोडून देणे सोपे होते. 'सूचना पाळल्या नाहीत' हे वाक्य आपणही केसपेपरवर कितीदा लिहितो! त्या गटाने मात्र आकडेच काढून टाकले. थैली योग्य तापमानाला आली की दर्शक बदलून 'ठीक' एवढेच सांगेल, अशी रचना केली. आता अर्धे काही करण्याजोगे उरलेच नाही. आईची सावधगिरी तशीच राहिली, पण ती बाळाच्या विरोधात जाण्याची वाट बंद झाली.

हे वाचताना मला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील श्वासमोजणीच्या साधनाची आठवण झाली. अक्षरओळख नसलेल्या सुईणींनी बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखावा, असा हेतू. त्यांना पन्नास-साठपर्यंत मोजायला शिकविण्याऐवजी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन देण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर श्वास वेगाने चालला आहे. मोजण्याचे ओझे माणसावरून साधनावर गेले. याच गडचिरोलीतून १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या घरगुती नवजात सेवेच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. त्यामागे बऱ्याच गोष्टी होत्या, एकटे साधन नव्हे. परंतु गावातल्या बाईच्या हाताला आणि डोळ्याला पेलेल असेच काम तिला द्यावे, ही दृष्टी त्या साऱ्यामागे होती.

मात्रा वाढवावी की निदान तपासावे?

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही तर आपण दोनांपैकी एक करतो. एकतर औषधाची मात्रा वाढवतो किंवा नवे औषध जोडतो. नाहीतर क्षणभर थांबून मूळ निदानच बरोबर होते का, हे पाहतो. पहिल्या मार्गाने आपला अहंकार सुखावतो, दुसऱ्याने पुष्कळदा रुग्ण वाचतो. 'तक्ता चिकटवा' हा माझा सल्ला म्हणजे मात्रा वाढविणे होते. ती मुले मला निदान तपासायला सांगत होती.

तथापि दुसरी बाजूही आहे. प्रत्येक अडचणीला दिशा बदलणारा विद्यार्थी कुठेच पोहोचत नाही. दर दोन दिवसांनी प्रतिजैविक बदलणारा डॉक्टरही तसाच. मग अडचण कोणती आणि चुकलेली दिशा कोणती, हे ओळखावे कसे? एम्ब्रेसच्या अनुभवावरून मला तीन खुणा दिसतात. साधन उपलब्ध असूनही रिकामे पडते, तेव्हा प्रश्न किमतीचा वा कौशल्याचा नसून बहुधा चुकीच्या जागेचा असतो. समंजस माणसे एकच 'चूक' पुन्हा पुन्हा करतात, तेव्हा ती त्यांची चूक नसते, रचनेची असते. आणि आपला युक्तिवाद "त्यांना शिकवू" या शब्दांवर येऊन थांबतो, तेव्हा आपण प्रश्नाचा भार दुबळ्या खांद्यावर टाकीत असतो.

दिशा बदलताना ध्येय मात्र बदलायचे नसते. एम्ब्रेसच्या गटाने पेटी सोडली, आकडे सोडले. बाळाची ऊब सोडली नाही. आणि वास्तवापुढे त्यांनाही पुन्हा वाकावे लागले. २०११ साली भारतात जी आवृत्ती आली तिची थैली विजेवर तापवावी लागे आणि तिचा वापर मुख्यतः दवाखाने व आरोग्य केंद्रांसाठी होता. खेड्यातील घरापर्यंत पोहोचण्याचे मूळ स्वप्न त्या पहिल्या पावलात पुरे झाले नाही. हे त्यांचे अपयश नव्हे. दिशा एकदा तपासून भागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत जुने साधन

याच विषयातील आणखी एक दिशाबदल साऱ्या वैद्यकविश्वाला करावा लागला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एदगार रेय आणि डॉ. एक्तोर मार्तिनेझ यांनी, पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. पुढे हीच कांगारू मातृसेवा झाली. अनेक वर्षे ती गरिबांचा पर्याय मानली गेली आणि तीही बाळ स्थिर झाल्यानंतर द्यायची, असा शिरस्ता राहिला. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, १ ते १.८ किलोपर्यंतच्या ३,२११ बाळांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, कांगारू सेवा दिलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीच्या गटात १५.७ टक्के. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी त्यानुसार बदलल्या. बाळाला आईपासून दूर नेऊन पेटीत ठेवणे हीच आपली दिशा होती. तीही तपासावी लागली.

सहा आठवडे

त्या चौघांना मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा बोलावले. औषध कंपनीच्या एका पॅडच्या पाठीमागे आम्ही दोन रकाने आखले. एकात स्वतः पाहिलेल्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्यात गृहीत धरलेल्या. दुसरा रकाना लांबत गेला. आकडा सर्वांना कळतो. हलत्या जीपमध्ये कुणीतरी स्क्रीनकडे पाहत असते. पिशवी चार्ज करायला वेळ मिळतो. शेवटचे गृहीत त्या मुलीने स्वतःच लिहिले : प्रवासात बाळ आईपासून वेगळे ठेवायचे असते. ते वाचून मी बराच वेळ बोललो नाही, कारण ते गृहीत तिचे नव्हते, माझे होते. 'पिशवी करा' असे मीच सांगितले होते.

सहा आठवड्यांत त्यांनी स्क्रीन काढला. बाळाला आईच्या छातीशी घट्ट धरून ठेवणारे, बसलेल्या आईला जीपच्या हादऱ्यांतही दोन्ही हात मोकळे देणारे एक कापडी बांधण त्यांनी शिवून घेतले. त्याला एकच दर्शक होता : बाळ पुरेसे उबदार असेल तर हिरवा, नसेल तर लाल आणि सोबत आवाज. कापडावर आतल्या बाजूने दोन चित्रे होती, टोपी घाला आणि छातीशी आणखी जवळ घ्या. बाहुली घेऊन ते पुन्हा त्याच घरी गेले. लाल दिवा लागताच बाळाच्या बापाने काही न विचारता बाहुलीची सरकलेली टोपी नीट केली.

सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारले, "पहिल्या अहवालातला स्क्रीन आणि आलेख कुठे गेला? आता यात तंत्रज्ञान कितीसे उरले?" त्यांना अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले. नोकरीच्या मुलाखती तोंडावर होत्या. चौघांनाही ते लागले, आणि मलाही. हा तोटा खरा आहे, तो गोड करून सांगण्यात अर्थ नाही. शिवाय ते बांधण हा अजून एक नमुनाच आहे. त्याची रीतसर तपासणी, नैतिक समितीची परवानगी, खऱ्या बाळांवरील काळजीपूर्वक अभ्यास हे सारे पुढचे काम आहे. आमच्या संघटनेतील कुणा तरुण सहकाऱ्याने ते हाती घ्यावे, या हेतूनेही मी हे लिहितो आहे.

माझ्यापुरता एक बदल मात्र झाला आहे. बाळाच्या आईला औषध लिहून दिल्यावर मी आता 'कळले ना?' असे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच असते. मी विचारतो, "ताई, घरी गेल्यावर हे कसं देणार, ते मला करून दाखवा." गेल्या आठवड्यात एका आजींनी बाटलीचे झाकण भरले, माझ्याकडे पाहिले आणि त्यातले अर्धे औषध परत बाटलीत ओतले. मी विचारले, "का हो आजी?" त्या म्हणाल्या, "लेकरू लहान आहे हो, डॉक्टर."

त्यावर मी त्यांना औषधाची मात्रा पुन्हा समजावून सांगितली नाही. टेबलाच्या खणातून पाच मिलिलिटरची सिरिंज काढली, तिच्यावर योग्य मापाशी पेनाने एक ठळक रेघ ओढली आणि त्यांच्या हातात दिली.